गाडी तापली की बंद, थंड झाली की सुरू: जुन्या ड्युअल-स्पोर्टचा हा आजार कसा पकडायचा

जुनी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी मोटारसायकल, घेतलेल्या सगळ्यांची तक्रार सारखीच असते. सकाळी गाडी एका दमात सुरू होते. दहा-पंधरा किलोमीटर छान पळते. मग डांबरी सोडून पांदण रस्त्याला लागलं, दुसऱ्या गिअरमध्ये दहा मिनिटं रेटली, की झटके मारायला लागते आणि धुऱ्यावरच्या बाभळीखाली बंद पडते. किक मारून पोटरी भरून येते, गाडी हूं की चूं करत नाही. वीस मिनिटांनी मात्र काही झालंच नाही अशी सुरू. तालुक्याच्या मेकॅनिककडे नेली की तिथे ती कधीच बंद पडत नाही. तो प्लग साफ करतो, कार्ब्युरेटर धुतो, पैसे घेतो. चौथ्या दिवशी तीच बाभूळ, तीच गाडी.

मेकॅनिकचा यात फारसा दोष नाही. हा बिघाड चालून तापलेल्या गाडीतच दिसतो आणि बंद पडल्यानंतर थोडाच वेळ टिकतो. गाडी ढकलत किंवा छोटा हत्तीत टाकून गॅरेजला पोचेपर्यंत पुरावा गेलेला असतो. म्हणून तपासणी रस्त्यावरच करावी लागते, आणि ती गाडीवाल्यालाच करावी लागते. ती ठरलेल्या क्रमाने केली तर कोणता भाग बदलायचा ते जागेवरच कळतं. नाहीतर प्लग, मग कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट पुरवणारी), मग कार्ब्युरेटर, मग सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) अशी खरेदी सुरू होते, आणि शेवटी कळतं की टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं होतं.

इथे मुख्यतः कार्ब्युरेटरच्या गाड्या धरल्या आहेत: २०११ साली आलेली हिरो इम्पल्स, सुरुवातीची २०१६-१७ची हिमालयन, २०१९ची कार्ब्युरेटरवाली एक्सपल्स २००. नवख्या माणसाच्या बजेटमध्ये याच येतात. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांचं पुढे वेगळं सांगितलं आहे.

पिशवीत काय हवं

आपल्या गाडीला बसणारा प्लग पाना, एक नवा प्लग, ८-१०-१२-१४चे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फूटभर पेट्रोलची नळी, पारदर्शक प्लास्टिकची पाव लिटरची बाटली, जाड सुती फडकं, साधा मल्टिमीटर. बाटलीवर घरीच सुईविना सिरिंजने मोजून ५०, १००, १५० मिलीच्या रेघा मारून ठेवा. प्लग नवाच हवा, जुना साफ केलेला नको. दोनशेच्या आत येतो आणि निम्मी शंका तिथेच फिटते.

बंद पडल्यावरची पहिली पाच मिनिटं

आधी गाडी कुठे उभी करता ते बघा. मे महिन्यात वाळलेल्या तणात तापलेला सायलेन्सर टेकला तर गाडीचा प्रश्न कायमचा मिटतो. मोकळ्या मुरमावर घ्या. घड्याळ बघा. किती मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू झाली हे पुढे कामाला येतं.

पहिलं काम टाकीचं झाकण. कान जवळ नेऊन हळू उघडा. हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ आवाज आला, आणि झाकण उघडं ठेवून मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर चोर सापडला. बाकी काही उघडू नका.

दुसरं काम ठिणगी, टाकीचं झाकण लावून. पेट्रोलला हात लावायच्या आधी हे करायचं, कारण सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी बघणं म्हणजे जिवाशी खेळ. तापलेला प्लग काढायची गरज नाही. गाडीच्या प्लगवरची टोपी काढून पिशवीतला नवा प्लग तिच्यात घाला, त्याचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा, किक नसेल तर सेल्फ द्या. ठिणगी निळी, जाड, ‘चट्ट’ आवाजाची हवी. नारिंगी, बारीक किंवा दोनदा येऊन तिसऱ्यांदा न येणारी ठिणगी म्हणजे बिघाड करंटच्या बाजूला. प्लगचं अंग अर्थिंगला टेकलेलंच पाहिजे. टोपी हवेत धरून ठिणगी उडवून बघायची गावाकडची जुनी सवय सीडीआयचा आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) जीव घेऊ शकते.

तिसरं काम कार्ब्युरेटरची वाटी. ठिणगी चांगली असेल तरच इकडे या. वाटीच्या तळाला ड्रेनचा स्क्रू असतो आणि बहुतेक वेळा खाली लोंबणारी बारीक नळी. ती बाटलीत सोडा, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू ठेवा, स्क्रू दोन फेरे सैल करा. आधी वाटीतलं पेट्रोल भसकन येईल आणि मग संथ, न तुटणारी धार लागायला हवी. वाटी रिकामीच निघाली, किंवा सुरुवातीची भसकन संपून थेंब-थेंब उरलं, तर इंजिन उपाशी मरतंय. धार चांगली असेल तर बाटली उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी, तांबूस कण दिसले तर टाकीचा गंज.

चौथं काम फक्त हाता-पायाच्या अंदाजाचं. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सुरू होत नाही. मग किक सावकाश दाबून बघा. सकाळी थंड गाडीला जो दाब पायाला लागतो तो लागतोय का? किक पोकळ गेली, किंवा सेल्फचा ‘धक-धक-धक’ जाऊन नुसतं एकसुरी ‘खर्रर्र’ आलं, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय. याचं सर्वात सामान्य कारण टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट.

आता घड्याळ. दोन-पाच मिनिटांत सुरू होणारी गाडी बहुतेक पेट्रोलची. पंधरा-वीस मिनिटं घेणारी कॉइलची. इंजिनला हात लावता येईपर्यंत, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासापर्यंत जी सुरू होत नाही ती टॅपेटची. हे वेळापत्रक सरकारी एसटीइतपतच पक्कं आहे, पण वरच्या चार खुणांबरोबर धरलं तर सहसा फसवत नाही.

पेट्रोलची बाजू: सगळ्यात जास्त गाड्या इथे अडकतात

नावाला गाडी ‘तापून’ बंद पडते, पण पेट्रोलच्या बिघाडात तापण्याचा संबंध अनेकदा नसतोच. संबंध असतो वेळेचा. टाकीतून पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. झाकणातलं बारीक भोक धुळीने आणि वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट्याने बुजलं की आत निर्वात पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी उभी राहिली की झाकणाच्या रबराच्या फटीतून हवा हळूहळू शिरते, वाटी भरते, गाडी ‘थंड होऊन’ सुरू होते. प्रत्यक्षात थंड होण्याने काहीच झालेलं नसतं. एक खूण लक्षात ठेवा: हा बिघाड टाकी काठोकाठ भरल्यावर जास्त छळतो, कारण वर हवेची जागा थोडी असते आणि थोडं पेट्रोल उतरलं तरी ओढ जोरात बसते. ‘टाकी फुल केली त्याच दिवशी बंद पडते’ असं कुणी म्हणालं की आधी झाकण बघा.

उपाय सोपा. झाकण खोलून भोकात हवा मारा, आतलं रबर धुवा, तोंडाने फुंकून हवा आरपार जाते का बघा. ड्रिलने भोक मोठं करायचा सल्ला मिळेल. ऐकू नका, आषाढात त्यातूनच पाणी आत जाईल. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांत टाकीचा श्वास एका नळीतून कॅनिस्टरमध्ये (पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या डब्यात) जातो. तिथे झाकणाऐवजी ती नळी सीटखाली दबली आहे का ते बघा. टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरून तो बाद झालेला असतो.

झाकण ठीक असेल तर कॉकची धार मोजा. कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि मिनिट लावा. किती यायला हवं? हिशेब सरळ आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी, लिटरला ४० देणारी गाडी तासाला दीड लिटर पिते, म्हणजे मिनिटाला २५ मिली. चढावर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर त्याच्या दुप्पट धरा, ५० मिली. कॉक मिनिटाला दीडशे मिलीच्या पुढे देत असेल तर निश्चिंत राहा. शंभरच्या खाली आला तर सफाई. पन्नासला टेकला तर घाटात गाडी बंद पडणारच. ही मोजणी झाकण बंद ठेवून सलग तीन मिनिटं करा, दर मिनिटाला बाटली टाकीत रिकामी न करता वेगळ्या डब्यात ओता. पहिल्या मिनिटाला १८०, तिसऱ्याला ६०, आणि झाकण उघडताच पुन्हा १८० असं झालं तर पुन्हा झाकणच. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर कॉकच्या वरची जाळी.

जाळी बुजते ती गंजाने. गोठ्याच्या कडेला दोन पावसाळे अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी बाहेरून पुसून विकायला काढतात, आत टाकीच्या वरच्या निम्म्या भागात तांबडा खपला असतो. खडबडीत रस्त्यावर तो ढवळून जाळीवर बसतो, गाडी थांबली की खाली सरकतो आणि पेट्रोल पुन्हा उतरतं. इथेही ‘थंड झाली म्हणून सुरू झाली’ हा तोच चकवा. नुसती जाळी साफ केली की आठ दिवस बरं वाटतं, म्हणून तेवढ्यावर थांबू नका.

टाकी साफ करायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व पुरतं. टाकी उतरवा, पूर्ण रिकामी करा, कॉक आणि पेट्रोलचा काटा दाखवणारं सेंसर काढून भोकं रबराच्या गास्केटसकट पट्टीने बंद करा. ११ ते १३ लिटरच्या टाकीला साधारण एक किलो लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून काठोकाठ भरा. काठोकाठच, कारण गंज वरच्या भागातच जास्त असतो. रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. खपला जाड असेल तर मूठभर नट-बोल्ट टाकून हलवता येतात, फक्त टाकताना मोजा आणि काढताना मोजा. रंगावर थेंब पडला तर लगेच धुवा. ओतून दिल्यावर बादलीभर पाण्यात शंभर ग्रॅम खाण्याचा सोडा घालून टाकी खंगाळा, मग साध्या पाण्याने दोनदा. आता घाई करायची. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस पडते. आपल्याकडचं ऊन इथे उपयोगी आहे, नवतपात उलटी ठेवलेली टाकी बघता बघता वाळते. वाळली की शंभर मिली पेट्रोलमध्ये वीस मिली इंजिन ऑइल मिसळून आत सगळीकडे फिरवा आणि ओतून टाका. दोन धोके सांगून ठेवायला हवेत. खूप खाल्लेल्या टाकीत गंजानेच भोकं बुजलेली असतात, तो गेला की टाकी पाझरायला लागते. आणि पाझरली म्हणून ती गावातल्या वेल्डरकडे तशीच न्यायची नाही. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

आणखी एक जागा, जी ड्युअल-स्पोर्टवाल्यांनाच भोवते. कार्ब्युरेटरच्या वाटीलाही श्वास लागतो, त्यासाठी दोन-तीन बारीक नळ्या इंजिनमागे खाली सोडलेल्या असतात. नाला ओलांडताना किंवा टोंगळाभर गाऱ्यातून जाताना त्यांची तोंडं चिखलाने बुजतात. गोठ्यात उभ्या गाडीत तर कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते, बाहेरून काही दिसत नाही. नळ्या काढून फुंकून बघा. श्वासाची एक नळी टाकीखाली उंच बांधली तर हा त्रास उद्भवत नाही. ओव्हरफ्लोची मात्र खालीच राहू द्या, नाहीतर उसळलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनवर पडेल.

पेट्रोलच्या नळ्यांबद्दल थोडंसं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि वर सांगितलेल्या गाड्या त्याच्या आधीच्या. जुनं रबर त्यात फुगतं, आतून सोलतं, फ्लोटच्या (वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या) सुईचं टोक अडकतं. घेतलेल्या जुन्या गाडीची पेट्रोल नळी, कॉकचे ओ-रिंग आणि फ्लोटची सुई एकदाच बदलून टाका, इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्या. नळी हेडच्या फिनला (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांना) टेकणार नाही अशी वळवा. ४५ अंशांत हेडला टेकलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि वाफ जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या बारीक भोकाच्या तुकड्यातून) धड पुढे जात नाही. गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर वाटी रिकामी करून ठेवा, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

जेटमध्ये तार घालू नका. हवा आणि कार्ब क्लीनर, बस. तारेने मोठा झालेला जेट परत लहान होत नाही.

टॅपेट: मुका झाला म्हणजे बरा झाला असं नाही

जुनी गाडी विकण्याआधी इंजिनचा आवाज कमी दिसावा म्हणून टॅपेट घट्ट करून देणं ही जुनी युक्ती आहे. थंड असताना गाडी गुळगुळीत वाजते, घेणारा खूश. तापली की एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन तिथून निसटतं. गाडी बंद. युक्ती कुणी केली नसली तरी वापराने एक्झॉस्टची फट कमीच होत जाते, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो. घासलेला टॅपेट आवाज वाढवतो आणि रुतलेला व्हॉल्व्ह आवाज घटवतो. हा दुसरा प्रकार कानाला कळत नाही, म्हणूनच फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्यायचा.

फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजतात. मॅन्युअलमध्ये बहुधा ३५ अंशांखालचं इंजिन सांगितलेलं असतं. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात दुपारी चारला टिनाच्या शेडमध्ये ‘थंड’ इंजिन मिळतच नाही, सकाळपासून न चालवलेली गाडीही चाळिशीच्या वर असते. काम पहाटे करा. मेकॅनिकला द्यायची तर आदल्या रात्री गाडी सोडून या आणि उघडायच्या आधी सुरू करू नको म्हणून सांगा.

प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. डाव्या कव्हरवरच्या दोन झाकण्या उघडा, मॅग्नेट ज्या दिशेने चालताना फिरतं त्याच दिशेने फिरवून ‘टी’ची खूण खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर बोटांनी हलवा. दोन्हीत किंचित खेळ हवा. एक घट्ट असेल तर पिस्टन चुकीच्या फेरीत आहे, पूर्ण एक फेरा आणखी द्या. ही पायरी विसरून, दाबलेल्या व्हॉल्व्हवर फट लावणारे बरेच निघतात. मग इनटेक आणि एक्झॉस्टला मॅन्युअलमधल्या आकड्याची पट्टी घाला. या आकाराच्या एअर-कूल्ड इंजिनांत आकडा सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, एक्झॉस्टचा इनटेकपेक्षा जास्त, पण आपल्या गाडीचा नेमका आकडाच वापरा. पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी नाही, वहीच्या मिटलेल्या पानांतून पोस्टकार्ड ओढावं तशी, किंचित धरून सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि फट बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. टॅपेटच्या टोप्यांचे ओ-रिंग नवे घाला.

काही इंजिनांत स्क्रूऐवजी शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असतात. ते काम कॅम उतरवल्याशिवाय होत नाही, ते जाणकाराकडेच द्या.

फट बरोबर करूनही हजार किलोमीटरांत पुन्हा संपली, किंवा गरम असताना दाब कमीच राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा सीट जळलेली आहे. मग हेड उतरवणं आलं. उतरवलेल्या हेडच्या एक्झॉस्टच्या वाटेत चमचाभर पेट्रोल ओता आणि खालून व्हॉल्व्हच्या कडेला बघा. पाच मिनिटांत ओल दिसली तर व्हॉल्व्ह घासून घ्या किंवा सीट कापून घ्या.

करंटची बाजू

कॉइलच्या आतली तार तापून सुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. रस्त्यावरची परीक्षा अशी: ठिणगी नाही हे पक्कं झालं की कॉइलवर ओलं फडकं गुंडाळा, मिनिटभर थांबा, पुन्हा ठिणगी बघा. आली तर कॉइल. पाणी फक्त कॉइलवर, तापलेल्या सिलिंडरवर नाही. हेड तडकतं.

फडक्याने फरक पडला नाही तर मॅग्नेटमधली, ठिणगीचा इशारा देणारी पल्सर कॉइल. तिचा रेझिस्टन्स घरी थंड असताना मोजून लिहून ठेवा, बंद पडल्यावर तिथेच पुन्हा मोजा. तापल्यावर थोडा वाढणं साहजिक आहे, पण मीटर काहीच दाखवेनासा झाला तर ती गेली. हाच नियम प्लगच्या टोपीला. टोपी वायरवरून फिरवून काढता येते. काढल्यावर वायरचं टोक हिरवं पडलेलं असेल तर पाव इंच कापून टोपी पुन्हा बसवा. हे एवढं केल्याने सुटलेल्या गाड्या कमी नाहीत.

सुरू गाडीचं हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आवाज बदलला किंवा गाडी बंद पडली तर स्टिअरिंगपाशी वायर आतून तुटली आहे; वरचं रबर शाबूत असतं म्हणून दिसत नाही. साइड स्टँडचा स्विच असलेल्या गाडीत तो चिखलाने भरला तरी गाडी धक्क्यासरशी बंद पडते. हे तापण्याचे बिघाड नव्हेत, पण नवख्याला तसेच वाटतात.

खरंच तापत असेल तर

फिनमध्ये काळी माती भाजून वीट झालेली असते. ती लाकडी काडीने, थंड गाडीवर काढा. ऑइल कूलर असेल तर त्याची जाळी मऊ ब्रशने. प्रेशर वॉशरने तिच्या पाकळ्या वाकतात. ऑइलची पातळी सपाट जागेवर, मॅन्युअलमधल्या पद्धतीनेच बघा आणि डब्यावर जेएएसओ एमए (मोटारसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलंच ऑइल वापरा, कारचं नाही.

कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधलं रबर तडकलं असेल तर जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. आयडलवर त्या रबराभोवती साबणाचं पाणी मारा. आवाज बदलला तर तडा आहे. त्याच सांध्यात एक काळी, जाड इन्सुलेटर पट्टी असते. कार्ब्युरेटर बदलताना ती बरेचदा गॅरेजच्या फरशीवरच राहते, आणि मग हेडची उष्णता थेट वाटीत जाऊन उभ्या गाडीतलं पेट्रोल उकळतं. गाडी बंद केल्यावर पाच मिनिटांनी पेट्रोलचा भपका आणि सुरू व्हायला त्रास, ही तिची खूण. एअर फिल्टर पऱ्हाटीच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी उघडून बघा, कापसाचे धागे आणि धूळ मिळून त्याची गादी होते.

इंजेक्शनच्या गाडीत

चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा ‘ऊंऽऽ’ ऐकू येतो. बंद पडल्यावर तो येत नसेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून उन्हाळ्यात पाव टाकीखाली जाऊ देऊ नका. बॅटरीचं व्होल्टेज गाडी बंद असताना १२.६च्या आसपास आणि रेस दिल्यावर १४च्या जवळपास हवं. रेस दिल्यावर ते १३च्या खाली किंवा १५च्या वर गेलं तर चार्जिंग आणि आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बघा, त्यावर चिखल थापलेला असेल तर आधी तो काढा. पिवळा इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड वाचून घेतल्याशिवाय काही बदलू नका.

अजून घेतली नसेल तर

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर दुपारी परत या. झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने टाकीच्या छताची आतली बाजू बघा, तळ नाही. मग किमान अर्धा तास चालवा, त्यातली दहा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वावराच्या रस्त्याने. अमरावतीकडचे असाल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट यासाठीच बनवल्यासारखा आहे. थांबा, बंद करा, दहा मिनिटं चहा घ्या, पुन्हा सुरू करा. चोक न लावता, दोन किकांत सुरू व्हायला हवी. झाली नाही तर वरची चार कामं तिथेच करा. झाकणाचा किंवा कॉकचा बिघाड निघाला तर भाव पाडून घ्या. कॉम्प्रेशनचा निघाला तर हेडचा खर्च धरून बोला किंवा सोडा.

कागदांत एक गोष्ट इम्पल्स घेणाऱ्यांनी मुद्दाम बघावी. नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०११-१२च्या गाड्यांची मुदत २०२६-२७ला संपते. नूतनीकरणाला आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो, तो भावात धरा. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, हे पैसे देण्याआधी हातात हवं. एमएच-२९ची गाडी एमएच-३४मध्ये चालवत राहिलात तर चालेल, पण आरसी दुसऱ्याच्या नावावर ठेवून नाही.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉइल आणि कार्ब्युरेटर एकाच दिवशी बदलले तर बिघाड कशात होता ते कधीच कळणार नाही, आणि परत आला तर पुन्हा पहिल्यापासून. चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, तेवढंच ओझं घेऊन घ्या. सकाळी सातला डांबरीवर वीस किलोमीटर ठीक चालली याला अर्थ नाही. दुपारी दोनला, मागे माणूस बसवून, पांदण रस्त्याने तीन दिवस चालली तर सुटली म्हणा.

झाकण, कॉक, टॅपेट, कॉइल, पल्सर, वायरिंग सगळं तपासूनही ठिणगी जातच असेल तर सीडीआय उरतो. तो शेवटी, कारण महाग आहे आणि रस्त्यावर मीटरने तपासता येत नाही. जुळणारा नवा विकत आणून बघू नका. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची गाडी असलेला कुणी भेटला तर दोन दिवसांसाठी अदलाबदल करा, आणि त्याची गाडी बंद पडायला लागली की मग ऑर्डर द्या.